प्रकाशकाच्या जागी लेखकच

न्यू जर्सीतल्या एका पब्लिक लायब्ररीत मी मागच्या खोलीत काम करते, डोनेशनमध्ये आलेल्या पुस्तकांची छाननी. लोकांना वाटतं दिलेलं पुस्तक कपाटात जातं, पण बहुतेक सगळी एक डॉलरच्या सेलला नाहीतर रद्दीत जातात.

त्या दिवशी एका खोक्याच्या तळाशी एक जॅकेट नसलेलं पुस्तक निघालं, कापड कोपऱ्यांवर विरलेलं, पानं चहाच्या रंगाची. 1951 चं, म्हणजे आयएसबीएन, पुस्तकाचा ओळख क्रमांक, नाही, स्कॅनर गप्प. टायटल पेज उघडलं तर स्पार्टाकस, प्राचीन रोममधल्या गुलामांच्या बंडावरची कादंबरी, लेखक हॉवर्ड फास्ट, आणि खाली प्रकाशकाच्या जागी फक्त लेखकाने प्रकाशित केलं एवढंच. माझा हातच थांबला.

शेजारची म्हणाली, "सेल्फ-पब्लिश्ड आपण घेत नाही, टाक ते."

मी तिला सांगत सुटले, अगं हा काही हौशी लेखक नव्हता, अमेरिकन क्रांतीतल्या टॉम पेनवरची याची 1943 ची कादंबरी धडाक्यात खपली होती, पुढे हा कम्युनिस्ट पक्षात, स्पेनमधल्या यादवीतल्या निर्वासितांना मदत करणाऱ्या कमिटीला पैसे कोणी दिले ती नावं संसदेच्या समितीपुढे सांगेना म्हणून 1950 मध्ये तीन महिने तुरुंगात गेला. तिथेच स्पार्टाकस डोक्यात शिरला. बाहेर येऊन लिहिला तर प्रकाशक एकामागून एक नाही म्हणाले, सगळे घाबरलेले, मग स्वतः छापला आणि पोस्टाने विकला. टॉम पेनवरची कादंबरी न्यूयॉर्कच्या शाळांच्या लायब्रऱ्यांतून 1947 मध्येच काढली होती आणि 1953 मध्ये सरकारच्या परदेशातल्या लायब्रऱ्यांतूनही याची पुस्तकं काढली. हुकूम कोणाचाही असो, कपाटातून पुस्तकं उतरवणारे आमच्यासारखेच कोणीतरी असणार ना.

ती म्हणाली, बरं, सुपरवायझरला विचार. सुपरवायझर मीटिंगमध्ये. मी पुस्तकात 'ठेवा' अशी चिठ्ठी घालून ते कार्टवर ठेवलं आणि दोन दिवस सुट्टीवर गेले. आले तर कार्ट रिकामी, रद्दीची गाडी येऊन गेलेली. सुपरवायझर म्हणाली, नवी कॉपी आहे की आपल्याकडे, मजकूर तोच. मजकूर तोच आहे, पण नव्या कॉपीच्या टायटल पेजवर प्रकाशकाचं नाव आहे. पॉलिसी करणाऱ्यांना हा फरक समजावून सांगता आला नाही याची चीड अजून जात नाही, आणि स्टाफने सेलच्या आधी काही विकत घ्यायचं नाही हा नियम पाळून मी ते पर्समध्ये टाकलं नाही याचीही.

पहिल्या छपाईतलं होतं की नंतरच्या, तेही बघायचं राहिलं. आता स्कॅनर गप्प राहिला की मी आधी टायटल पेजचा आणि त्याच्या मागच्या पानाचा फोटो काढून ठेवते.