तुम्ही विचारलंत म्हणून : सारखं त्या फॅशनूचंच का काढता?

फुटबॉलच्या गप्पांत हा प्रश्न मला हमखास येतो. विषय मॅराडोनाचा असो नाहीतर आमच्या कोल्हापुरातल्या तालमींच्या संघांतल्या एखाद्या नव्या फॉरवर्डचा, थोड्या वेळानं माझी गाडी ऐंशीच्या दशकातल्या इंग्लंडच्या स्ट्रायकरवर, जस्टिन फॅशनूवर येते. मग कोणीतरी म्हणतंच, "अहो, तो काय एवढा मोठा खेळाडू होता का? वर्ल्ड कप नाही, इंग्लंडच्या मुख्य संघात एक सामना नाही. गे होता म्हणूनच डोक्यावर घेता ना त्याला?"

पाठोपाठ आणखी एक प्रश्न येतो, आवाज खाली करून. "म्हणजे... तुमचं काय त्यात?" याचं उत्तर मी देत नाही. 'नाही' म्हटलं तर विचारणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो, 'हो' म्हटलं तर त्याला तेवढंच पुरतं, आणि दोन्ही वेळेला फॅशनू राहतो बाजूला. तेव्हा पहिल्याच प्रश्नाबद्दल लिहितो. तो रास्त आहे.

खेळाडू किती मोठा होता? ९ फेब्रुवारी १९८० चा एक गोल बघा. फॅशनूच्या नॉर्विच क्लबचं कॅरो रोड मैदान, समोर लिव्हरपूल, म्हणजे त्या काळातला इंग्लंडमधला सगळ्यात जबरदस्त संघ. फॅशनू डीच्या जरा बाहेर, गोलकडे पाठ करून उभा. जॉन रायनचा पास आला. यानं उजव्या पायानं चेंडू हलकेच वर उचलला, चेंडू हवेत असतानाच अंग फिरवलं आणि डाव्या पायानं व्हॉली मारली. लिव्हरपूलचा गोलकीपर रे क्लेमन्स झेपावला, पण चेंडू त्याच्यापासून लांब लांब वळत वरच्या कोपऱ्यात गेला. पुढचं मला गोलइतकंच आवडतं. हा गडी धावत सुटला नाही की लोळला नाही. एक बोट वर करून शांत उभा राहिला. एकोणीस पूर्ण व्हायला त्याला दहा दिवस बाकी होते. सामना नॉर्विच ५-३ असा हरलं, पण बीबीसीनं त्या मोसमातला सर्वोत्तम गोल म्हणून निवडला तो हाच.

आणि हा काही एका दिवसाचा चमत्कार नव्हता. नॉर्विचसाठी लीगमध्ये ९० सामने आणि ३५ गोल. इंग्लंडच्या एकवीस वर्षांखालच्या संघातून ११ सामने. उंचापुरा, पोरवयात बॉक्सिंग केलेलं अंग, हेडिंग जोरदार.

हे पोर आलं कुठून तेही ऐकण्यासारखं आहे. बाप नायजेरियाचा वकील, आई गयानाची नर्स, जन्म लंडनचा, १९६१ चा. आईबाप वेगळे झाले आणि जस्टिन आणि धाकटा जॉन दोघेही बर्नार्डोजच्या अनाथाश्रमात पोचले. तिथून नॉरफोकच्या एका खेड्यात आल्फ आणि बेट्टी जॅक्सन या गोऱ्या जोडप्यानं दोघांना सांभाळायला नेलं. आजूबाजूला मैलोन्‌मैल शेतं, आणि त्यात ही दोन काळी पोरं. पुढे दोघंही व्यावसायिक फुटबॉलपटू झाले. एका घरातून दोन, ही काही साधी गोष्ट नाही.

ऑगस्ट १९८१ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टनं त्याला दहा लाख पौंडांना विकत घेतलं. ब्रिटनमध्ये एवढी रक्कम मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. वय २०. फॉरेस्टचा मॅनेजर ब्रायन क्लफ. नुसतं मॅनेजर म्हणून भागत नाही. १९७९ आणि १९८०, लागोपाठ दोन वर्षं युरोपियन कप जिंकून आणलेला माणूस, शहराचा राजाच.

तिथं फॅशनूचं बसलं नाही. ३२ लीग सामने, ३ गोल. आता इथं मी प्रामाणिकपणे सांगतो, सगळं खापर पूर्वग्रहावर फोडता येत नाही. क्लफचा संघ जमिनीवरून, छोट्या पासांवर खेळायचा. फॅशनू लांब चेंडूंवर, हवेत झगडत वाढलेला. असा खेळाडू नव्या संघात अडखळतोच. मोठ्या किमतीचं ओझं असतं ते वेगळंच. चांगल्या मॅनेजरचं काम सुरू होतं ते इथूनच. पोराला जवळ घ्यायचं, काय खुपतंय ते बघायचं.

क्लफनं काय केलं हे त्यानं स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. फॅशनू शहरातल्या गे क्लबमध्ये जातो अशी कुजबुज त्याच्या कानावर आली होती. त्यानं पोराला समोर उभं केलं. पाव हवा असला तर कुठं जातोस? बेकरीत. मटण हवं असलं तर? खाटकाकडं. मग त्या क्लबात कशाला मरायला जातोस? (क्लबाच्या आधी त्यानं एक शिवी जोडली होती, ती मी गाळली.)

हा किस्सा लोक अजूनही हसत सांगतात. क्लफची जीभ तिखट होतीच. पण समोरच्या पोराच्या जागी उभे राहा की जरा. कायद्यानं १९६७ पासून पुरुषांमधल्या संबंधांना मुभा होती, पण ती २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि चार भिंतींच्या आत. फॉरेस्टमध्ये आला तेव्हा फॅशनू वीस वर्षांचा. म्हणजे खासगी आयुष्य उघड्यावर आलं असतं तर पेपरांचा तमाशा झाला असताच, वर पोलिसांचीही भीती. ज्याच्या हातात संघाची यादी, त्याच्याच तोंडून बेकरीचा प्रश्न ऐकल्यावर पोर काय उत्तर देणार? "बेकरीत" एवढंच.

पुढे क्लफनं त्याला संघाबरोबर सराव करायची बंदी केली. तरी हा सरावाला आला, तर पोलीस बोलावून मैदानाबाहेर काढला. आपल्याच क्लबच्या मैदानातून, आपल्याच मॅनेजरनं. डिसेंबर १९८२ मध्ये नदीपलीकडच्या नॉट्स काउंटीला तो विकला गेला तो दीड लाख पौंडांना. दीड वर्षाच्या आत दहाचे दीड झाले. आणि गंमत अशी की काउंटीसाठी त्यानं ६४ सामन्यांत २० गोल मारले. पाय तेच होते.

म्हणून मी त्याला फुटबॉलच्या गप्पांत आणतो. हक्कांच्या चर्चेत, मोर्चात, परिसंवादात त्याचं नाव येतंच. तिथं आणायला माझी गरज नाही. फॅशनू म्हटलं की लोकांना एकदम शेवट आठवतो. माझ्या दृष्टीनं खरं नुकसान झालं ते १९८१-८२ च्या त्या मोसमात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, जेव्हा एका स्ट्रायकरला खेळ शिकवायला हवा होता आणि त्याऐवजी त्याची चौकशी चालू होती. ते नुकसान फुटबॉलचं आहे आणि फुटबॉलवाल्यांनीच ते मोजायला हवं.

त्यानंतर गुडघा गेला. ब्रायटनला असताना खेळ सोडायची पाळी आली, तर हा शस्त्रक्रियेसाठी अमेरिकेला गेला, मग तिथं आणि कॅनडात खेळला, परत आला. एक क्लब दोन सामने, दुसरा क्लब दोन सामने, असं सुरू झालं. मधल्या काळात तो कट्टर श्रद्धाळू ख्रिश्चनही झाला होता. श्रद्धा एकीकडं, मन दुसरीकडं, ही ओढाताण किती असेल ते त्याचं त्यालाच ठाऊक.

२२ ऑक्टोबर १९९० ला 'द सन'च्या पहिल्या पानावर बातमी आली : दहा लाखांचा फुटबॉलपटू म्हणतो, मी गे आहे. वर्तमानपत्राकडून पैसे घेतले होते त्यानं, हे खरं. पण त्यानं नंतर लिहून ठेवलेलं आणखी एक कारण आहे. त्याच्या ओळखीचा सतरा वर्षांचा एक मुलगा गे म्हणून घराबाहेर काढला गेला आणि त्यानं आत्महत्या केली. अशी आणखी पोरं जाऊ नयेत म्हणून कोणीतरी पुढं होऊन बोलायला हवं, असं फॅशनूला वाटलं. काळ बघा : एड्सची भीती घरोघरी, आणि शाळांनी समलैंगिकतेला 'उत्तेजन' देऊ नये असा कायदा होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली.

सगळ्यात जिव्हारी लागणारा घाव घरातूनच बसला. धाकटा जॉन तोवर मोठा स्टार झाला होता, १९८८ मध्ये विम्बल्डनबरोबर एफए कप जिंकलेला. भावानं हे जाहीर करू नये म्हणून त्यानं ७५,००० पौंड देऊ केले होते, हे जॉननंच पुढे कबूल केलं. बातमी आल्यावर 'द व्हॉइस' या कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकात त्यानं भावाला जाहीरपणे वाळीत टाकलं. ज्या भावाबरोबर अनाथाश्रमात दिवस काढले, तो भाऊ! बऱ्याच वर्षांनी जॉननं पश्चात्ताप बोलून दाखवला आणि त्याची मुलगी अमाल हिनं तर काकाची आठवण जागती ठेवायचं काम अंगावर घेतलं. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. २०१९ मध्ये आपल्या धावपटू दुती चंदनं मैत्रिणीबरोबरच्या नात्याबद्दल सांगितलं तेव्हा कायदा तिच्या बाजूनं होता, समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ चा निकाल लागून काही महिने झाले होते. विरोध झाला तो घरातूनच.

प्रेक्षकांचं काय सांगायचं! रंगावरून ओरडणारे आधीपासून होतेच, त्यात आणखी एक विषय मिळाला. अशातच १९९१-९२ मध्ये तो टॉर्की या समुद्रकाठच्या लहानशा क्लबात गेला आणि तिथल्या दोन मोसमांत मिळून ४१ सामन्यांत १५ गोल केले. लंगडा गुडघा, वयाची तिशी ओलांडलेली, गॅलरीतून शिव्या, आणि तरी पंधरा. त्या कॅरो रोडच्या गोलपेक्षा मला कधीकधी हे पंधरा मोठे वाटतात. टीव्हीवर ते कोणी दाखवत नाही.

आता एक गोष्ट, जी त्याचे चाहते टाळतात. फॅशनू संत नव्हता. पेपरांना सनसनाटी गोष्टी विकायची त्याला सवय लागली होती, आणि त्यातल्या सगळ्या खऱ्या नव्हत्या. १९९४ मध्ये एडिनबराच्या हार्ट्स क्लबनं त्याला काढलं, ते राजकारण्यांबद्दलचे असले किस्से विकायला काढले म्हणून. पैशाला तो घट्ट नव्हता, शब्दालाही नव्हता.

शेवटही तसाच, धड एका रंगात न बसणारा. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत मेरीलँडमध्ये प्रशिक्षक म्हणून असताना सतरा वर्षांच्या एका मुलानं त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. चौकशी झाल्यावर तो इंग्लंडला निघून आला. ३ मे रोजी लंडनच्या शोरडिच भागात तो मृतावस्थेत सापडला. आत्महत्या, वय ३७. चिठ्ठीत त्यानं लिहिलं होतं की संबंध संमतीनं होते, आणि आपल्याला आधीच दोषी धरलं गेलंय. मेरीलँडमध्ये तेव्हा पुरुषांमधले संबंध हाच मुळात गुन्हा होता, त्यामुळं न्याय मिळणार नाही ही त्याची भीती अनाठायी नव्हती. पण आरोप करणाऱ्या मुलाचं म्हणणंही कोर्टात कधी ऐकलं गेलं नाही. खटला झालाच नाही तर मी कोण त्याला निर्दोष सोडणारा? फॅशनूवर अन्याय झाला म्हणायला तो सगळीकडं निर्दोष असावा लागत नाही. क्लफच्या मैदानातून पोलिसांनी काढलेल्या पोरावर तेव्हा कुठलाच आरोप नव्हता.

२०२० मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय फुटबॉल संग्रहालयानं त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. मे २०२२ मध्ये ब्लॅकपूलच्या जेक डॅनियल्सनं, वयाच्या सतराव्या वर्षी, आपण गे असल्याचं सांगितलं. क्लब पाठीशी उभा राहिला, पंतप्रधानांपासून सगळ्यांनी शाबासकी दिली. मला मनापासून बरं वाटलं. पण तेव्हापासून गप्पांत एक नवं वाक्य ऐकू येतं : "मग झालं की आता, मिटलं."

मिटलं कसं? इंग्लंडच्या वरच्या चार डिव्हिजनमध्ये मिळून ९२ क्लब. क्लबमागे वीस-पंचवीस खेळाडू धरा. दरवर्षी नवी भरती. १९९० ते २०२२ एवढ्या काळात खेळत असताना उघडपणे सांगणारे किती, तर एक फॅशनू आणि एक डॅनियल्स. निवृत्त झाल्यावर जर्मनीचा हित्झल्सपर्गर बोलला, २०१४ मध्ये, म्हणजे बूट काढून ठेवल्यावर. बाकीचे एकतर गप्प राहिले असतील, नाहीतर सोळाव्या-सतराव्या वर्षीच खेळ सोडून गेले असतील. आपल्याकडं एखाद्या पोरानं टॅकल चुकवला की गॅलरीतून पहिली हाक 'बायल्या' अशीच येते. ओरडणाऱ्याच्या मनात कोणाबद्दल द्वेष असतो असं नाही, तोंडात बसलंय. मैदानातल्या बावीस जणांपैकी एखाद्याला ते कसं ऐकू येत असेल, याचा हिशेब कोण ठेवतो?

तर ३२ वर्षांत हजारो खेळाडू आणि त्यांत दोन. हे गणित ज्याला जुळतंय असं वाटतं त्यानं मला येऊन समजावून सांगावं. सामना असला की मी शाहू स्टेडियमवरच असतो.