दोष कार्बोरेटरचा नव्हता

माझी शंभर सीसीची चारस्ट्रोक मोटारसायकल २००३ सालची आहे. मागच्या उन्हाळ्यात लातूरहून औशाला जाताना ती दर वेळी आठ-दहा किलोमीटरवर आचके देऊन बंद पडू लागली. दहा मिनिटे लिंबाच्या सावलीत उभी केली की मात्र पहिल्या किकला सुरू होई. आचके सुरू होताच चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका) ओढला तर ती आणखी थोडे अंतर ओढत नेई, त्यामुळे इंजिनाला पेट्रोल कमी पडते आहे एवढे कळत होते. ते नेमके कुठे अडते हे न तपासता मी सरळ कार्बोरेटरवर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागावर, संशय घेतला.

मिस्त्रीने कार्बोरेटर दोनदा खोलला, मेन जेट आणि स्लो जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्रांचे भाग) काढून हवा मारली, फ्लोटची नीडलही बदलली. गाडी गल्लीत फिरवून पाहिली की झकास चाले आणि हमरस्त्याला लागली की पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "सर, कारबेटरच संपलंय, नवं बसवू." माझ्याही मनाची तयारी झाली होती. एक गोष्ट तेवढी खटकत होती: टाकी काठोकाठ भरली की गाडी दोन किलोमीटरही जात नसे. म्हणून मी काही दिवस पंपावरच्या पेट्रोलला दोष देत होतो, जो साफ चुकीचा होता.

उलगडा झाला तो बंद पडलेल्या गाडीच्या टाकीत पेट्रोल आहे की नाही हे पाहताना. झाकण उघडताच 'फुस्स' असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली आणि दहा मिनिटे वाट न पाहता गाडी लगेच सुरू झाली. अशा गाडीत पेट्रोल ढकलणारा पंप नसतो. टाकीतले पेट्रोल केवळ उंचीमुळे कॉकमधून (टाकीखालच्या तोटीतून) खालच्या फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमधल्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, उतरते, आणि जेवढे उतरते तेवढी हवा झाकणातल्या बारीक छिद्रातून आत यावी लागते. ते छिद्र बुजले की टाकीत हवेचा दाब घटतो, पेट्रोलची धार मंदावते आणि चेंबर रिकामे होते. गाडी थांबल्यावर फटींतून हळूहळू हवा शिरते व चेंबर पुन्हा भरते. टाकी भरलेली असताना वर हवेची जागाच थोडी असते, त्यामुळे थोडे पेट्रोल खर्च होताच दाब पटकन घटतो. पंपावरचा माझा राग तिथेच निवळला.

खात्रीसाठी घरी आल्यावर इंजिन थंड होऊ दिले, उघड्या अंगणात कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडली आणि कॉक उघडला. झाकण लावलेले असताना धार काही वेळाने थेंबांवर आली, झाकण सैल करताच पूर्ववत झाली. झाकणाच्या आत शेतरस्त्यावरची काळी माती, गाडी धुतानाच्या पाण्याने भिजून, सिमेंटसारखी बसली होती. बारीक तारेने ती काढायला पाच मिनिटेही लागली नाहीत. झाकण सैल करूनही धार बारीकच राहिली असती, तर कॉकची जाळी आणि नळी पाहावी लागली असती. आणि धार चांगली असूनही गाडी बंद पडत राहिली असती, तरच कार्बोरेटर खोलण्यात अर्थ होता.

कार्बोरेटर नेहमीच निर्दोष असतो असे मी म्हणत नाही. पावसाळ्यात गाडी दीड महिना उभी राहिली तेव्हा चेंबरमधले पेट्रोल उडून चिकट थर उरला, स्लो जेट तुंबला आणि चोकशिवाय गाडी उभ्या जागी चालू राहीना. त्या वेळी दोष खरोखर तिथेच होता. पितळी जेटमध्ये जाड तार घातली तर छिद्र मोठे होऊन मिश्रणच बिघडते, म्हणून मी क्लीनर आणि हवेवर भागवले.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. ते ओल शोषते आणि जुन्या रबराला मानवत नाही. आमच्याच भागातल्या उसापासून ते बनते, त्यामुळे तक्रार करताना जरा अवघडल्यासारखे होते. माझ्या गाडीची नळी कडक होऊन टोकाला चिरली आहे. ती या आठवड्यात बदलायची आहे, आणि तोवर गाडी उभी करताना कॉक बंद करायला मी विसरत नाही.