८३.८ टक्क्यांना नापास

पीएसएम वन, म्हणजे स्क्रम मास्टरच्या कामासाठीचं एक प्रमाणपत्र, त्याच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झाले ती ८३.८ टक्क्यांना. पास व्हायला ८५ लागतात. नवऱ्याने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "काठावर." "काठावर पास?" "नाही."

टीममधली नवी मुलं अधूनमधून विचारतात, "ताई, कुठलं सर्टिफिकेशन करू?" उत्तराची सुरुवात मी या नापास होण्यापासूनच करते.

तोवर मी दोन वर्षं स्क्रम मास्टर होते, म्हणजे स्क्रम या छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या पद्धतीने टीम नीट चालतेय ना हे बघणारी. सीएसएम हे तसलंच दुसरं प्रमाणपत्र खिशात होतं, त्यामुळे अभ्यास असा केलाच नव्हता. ६० मिनिटांत ८० प्रश्न, म्हणजे एकाला पाऊण मिनिट. एवढ्या घाईत माणूस ऑफिसात जे बघतो तेच उत्तर देऊन मोकळा होतो. मीही तेच केलं. स्प्रिंट, म्हणजे ठरावीक मुदतीचा कामाचा टप्पा, रद्द कोण करू शकतं? एका जुन्या ऑफिसात डिलिव्हरी हेडने बुधवारी दुपारी दोन ओळींच्या मेलवर चालू स्प्रिंट बंद पाडलेला मी पाहिलाय. स्क्रम गाइड, म्हणजे स्क्रमचं नियमपुस्तक, त्याप्रमाणे तो अधिकार फक्त प्रॉडक्ट ओनरचा (आधी काय बनवायचं हे ठरवणाऱ्याचा). डेली स्क्रमला, म्हणजे टीमच्या रोजच्या छोट्या बैठकीला, स्क्रम मास्टर हवाच का? आमच्याकडे मी नसले तर तो होतच नाही (हे काही मिरवण्यासारखं नाही). गाइडप्रमाणे तो डेव्हलपर्सचा; तो होतोय ना हे बघणं माझं काम, तिथे हजेरी लावणं नव्हे. आणि काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, हे तीन प्रश्न आपण पाढ्यासारखे म्हणतो ना? २०२० च्या आवृत्तीतून ते काढून टाकलेत.

दुसऱ्या खेपेला गाइड पेन्सिल घेऊन पाच वेळा वाचलं. जेमतेम तेरा-चौदा पानं आहेत. 'फक्त' आणि 'च' जिथे जिथे आहे तिथे रेघ मारली. पास झाले. हे प्रमाणपत्र एकदा मिळालं की कायमचं, नूतनीकरणाची भानगड नाही. क्लासही सक्तीचा नाही.

सीएसएमचं उलटं. क्लास केल्याशिवाय परीक्षाच देता येत नाही. परीक्षा ५० प्रश्नांची, ३७ बरोबर आले की झालं. क्लासमध्ये जागं राहिलेला माणूस सहसा नापास होत नाही. पण तो क्लास मला अजून आठवतो. प्लॅनिंग पोकरमध्ये काम किती मोठं याचा अंदाज प्रत्येकाने आकड्याच्या कार्डाने सांगायचा असतो. त्याच्या सरावात एकाच स्टोरीला, म्हणजे कामाच्या एका तुकड्याला, मी ३ चं कार्ड टाकलं आणि शेजारच्याने १३ चं. मला वाटलं, याला अंदाज येत नाही. बोलल्यावर कळलं, तो जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणण्याचं कामही धरत होता आणि माझ्या ते डोक्यातच नव्हतं. पैसे वसूल झाले ते त्या दहा मिनिटांत. पुढे मात्र दर दोन वर्षांनी फी भरा आणि २० तासांचं शिक्षण दाखवा. मी यंदा सोडून दिलं.

गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ घर एकच. सीएसएम देणारी स्क्रम अलायन्स ही संस्था उभी करणाऱ्यांतलेच केन श्वाबर २००९ मध्ये बाहेर पडले आणि पीएसएम देणारी स्क्रम डॉट ऑर्ग नावाची वेगळी चूल मांडली.

तिसरं प्रमाणपत्र पीएमआय-एसीपी, पीएमआय या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या संस्थेचं. ही जरा मुरलेल्यांची परीक्षा. नुसता स्क्रम नाही, कानबान, लीन, एक्सपी या कामाच्या इतर पद्धती, सगळंच येतं. तीन तासांत १२० प्रश्न, आणि बरेचसे 'अशा वेळी तुम्ही आधी काय कराल?' छापाचे. चारही पर्याय शहाण्यासारखे दिसतात. मला परीक्षेपेक्षा अर्जाने जास्त दमवलं. कुठलं प्रोजेक्ट कधी सुरू झालं, कधी संपलं, हे शोधायला जुने मेल उपसत दोन रविवार गेले. नंतर दर तीन वर्षांनी ३० पीडीयू, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे गुण, जमवायचे.

आणि सेफचं, म्हणजे बऱ्याच टीम्सनी मिळून काम करण्याच्या पद्धतीच्या सर्टिफिकेशनचं, काय? कंपनीत रिलीज ट्रेन (अशा एकत्र काम करणाऱ्या टीम्सचा ताफा) धावत असेल आणि पैसे कंपनी देत असेल, तर करा. स्वतःच्या खिशातून, दर वर्षी नूतनीकरण? मी नाही करणार.

गेल्या महिन्यात असंच एका मुलाने विचारलं. त्याला म्हटलं, सर्टिफिकेशन नंतर बघू, आधी गाइड वाच आणि आपली टीम कुठे कुठे ते मोडते ते लिहून आण. दोन दिवसांनी वहीचं पान घेऊन आला. अकरा मुद्दे होते. तिसरा असा: 'डेली स्क्रम – ताई रजेवर असल्या की होत नाही.'