काटा माळ्यावर

आमचा वजनकाटा सध्या माळ्यावर आहे, आकाशकंदिलाच्या खोक्यामागे, आणि तो आईने ठेवलाय. मी ठेवला असता तर रात्री स्टूल लावून परत काढला असता, खोटं कशाला बोलू.

खाण्याच्या आजारातून (ईटिंग डिसऑर्डर) बरी होतेय, म्हणून आता वजन फक्त डॉक्टरांकडे, तेही आकड्याकडे पाठ करून उभं राहायचं, ब्लाइंड वेइंग म्हणतात त्याला. त्या लिहून घेतात, मला सांगत नाहीत. पहिल्यांदा रडले, भांडलेसुद्धा. मग डाएटिशियनने समजावलं की शरीरात साठलेल्या 1 ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे शरीराने साठवलेली साखर) साधारण 3 ग्रॅम पाणी धरलं जातं, त्यात मीठ, पाळी, पोट साफ झालंय की नाही, त्यामुळे काटा एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होतो आणि त्यात चरबीचा काही संबंध नसतो. नीट जेवायला लागल्यावर काहीजणांचे सुरुवातीला पायही सुजतात म्हणे, माझे सुजले तेव्हा मी घाबरून डॉक्टरांना फोन केला होता.

खरा त्रास नातेवाईकांचा. लग्नात मावशी म्हणाली, "अगं, किती छान भरलीयेस!" कौतुकच होतं ते, पण मला 'जाड' एवढंच ऐकू आलं. पुण्यात लोक तोंडावर बोलतातच, फक्त दुपारी 1 ते 4 बंद.

परवा सारसबागेजवळ फुटपाथवर वजनकाटा घेऊन बसलेले आजोबा दिसले आणि माझे पाय आपोआप हळू झाले. ताईने काही न बोलता भेळ सांगितली, एक तिखट, एक मिडियम. जाताना आजोबांना दहा रुपये दिले तर म्हणाले, "चढ की गं!"

म्हटलं, नको आजोबा, राहू दे.