तुम्ही विचारलंत म्हणून: तलवारी विमानातून कशा जातात?

प्रयोग संपला की लोक कलाकारांना भेटायला आत येतात आणि जाता जाता कपड्यांच्या पेट्यांपाशी घुटमळतात. मी तिथे अंगरख्यांच्या घड्या घालत असते. प्रश्न ठरलेला असतो. "ताई, हे सगळं विमानानं आणलंत? तलवारीसुद्धा? कुणी अडवलं नाही?" तेव्हा मला टेम्पो भरायचा असतो, म्हणून "सांगून आणतो हो" एवढ्यावर सुटका करून घेते. आज नीट सांगते, कारण हल्ली हौशी मंडळंही बाहेरगावी प्रयोग करू लागली आहेत आणि त्यांचेही फोन येतात.

आमचं नाटक शिवकालातलं. आठ तलवारी, चार ढाली, दोन भाले, एक दांडपट्टा, दोन मशाली, शिवाय जिरेटोप, पगड्या, चिलखतं. तलवारी ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या, बिनधारेच्या. खऱ्या धारेच्या तलवारीला आपल्याकडे शस्त्र कायदा आड येतो, त्या वाटेला आम्ही जात नाही. पण बोथट आहे म्हणून ती हातातल्या बॅगेत चालेल, असं मुळीच नाही. खोटं शस्त्रही केबिनमध्ये नेता येत नाही, अगदी खेळण्यातलं पिस्तूलसुद्धा. हा नियम मला पूर्ण पटतो. बाराव्या रांगेतल्या प्रेक्षकाला खरी वाटावी म्हणून तर ती तलवार आम्ही घासून लखलखीत करतो. मग शेजारच्या आसनावरच्या बाईंना ती खोटी आहे हे कसं कळावं?

म्हणून सगळी हत्यारं चेक-इनच्या सामानात जातात. आमच्या लोहारदादांनी मुठीत बोल्ट बसवून दिलाय, त्यामुळे पातं सुटं होतं. भाल्याच्या दांड्याचे तीन तुकडे होतात. प्रत्येक पात्याला जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायची, वर फोम, टोकाला रबराचं बूच. पेटी उघडणाऱ्याचा हात कापता कामा नये. अमेरिकेत तर तपासनीस आपल्या माघारी बॅग उघडतात आणि तपासल्याची चिठ्ठी आत ठेवून जातात. त्यांना सामान पुन्हा जसंच्या तसं लावता यावं म्हणून झाकणाच्या आतल्या बाजूला मी प्रत्येक थराचा फोटो चिकटवते.

काउंटरवर गेल्या गेल्या, त्यांनी विचारायच्या आधी सांगायचं: "या पेटीत नाटकाच्या तलवारी आहेत, धार नाही." सोबत संस्थेचं पत्र, सामानाची यादी आणि याच वस्तू हातात घेतलेल्या नटांचा रंगमंचावरचा फोटो. त्या फोटोनं जेवढं काम होतं तेवढं पत्रानं होत नाही. विमान कंपनीला मात्र आधीच विचारून ठेवा, प्रत्येकीचं वेगळं असतं.

तलवारींनी आम्हाला कधी त्रास दिलाच नाही. अडकवलं ते मशालींनी.

रंगमंचावर खरी आग नको म्हणून आमच्या मशालीत पत्र्याचं नळकांडं आहे, तळाशी लिथियम बॅटरी, वर छोटा पंखा, पिवळे एलईडी आणि रेशमी कापडाची जीभ. पंखा सुरू झाला की ती जीभ ज्योतीसारखी लवलवते. आता हेच एक्स-रेच्या पडद्यावर कसं दिसत असेल बघा. तिथे धातू निळा दिसतो, कापड-प्लास्टिक नारिंगी. म्हणजे एक निळी नळी, आत वायरी, बुडाशी बॅटरी. दिल्लीच्या प्रयोगाला निघालो होतो, बोर्डिंगच्या रांगेत असताना माझं नाव पुकारलं. खाली एका खोलीत दोन जवान पेटीपाशी उभे होते. एकानं नळकांडं उचलून विचारलं, "ये क्या है?" मी म्हटलं, "मशाल." त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. "इसमें आग कहाँ है?" त्यांच्या परवानगीनं मी बटण दाबलं. ज्योत लवलवली, आणि क्षणभर तिघंही तिच्याकडे बघत राहिलो. पण बॅटरी काढून हातात न्या म्हणाले, आणि आम्ही तर ती डकवून टाकलेली. मशाली मागे राहिल्या. त्या रात्री गडाचा प्रवेश तिथल्या मंडळींनी घरून आणलेल्या दोन समयांवर झाला.

आता बॅटरी मळसूत्री झाकणातून निघते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून माझ्या हातातल्या पिशवीत येते, कारण सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात चालत नाहीत. शंभर वॉट-अवरपर्यंतची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) असेल तर सहसा अडचण नाही. वायरी पारदर्शक पिशवीत, नळकांडं रिकामं.

बाकीचं थोडक्यात. दाढीमिशा चिकटवायचा स्पिरिट गम ज्वालाग्राही, तो नेऊ नका, पोचल्यावर घ्या. कापूर, काडेपेटी, लायटर नको. मोरपीस देशाबाहेर न्यायला बंदी आहे, त्यामुळे परदेशी प्रयोगाला आम्ही रंगवलेलं कापडी पीस वापरतो. ब्रिटनमध्ये २००८पासून ५० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब, वाकड्या पात्याच्या तलवारींवर निर्बंध आहेत. अपवाद आहेत म्हणतात, पण नेमकी आपली तलवार वाकडी, म्हणून तिकडे जाताना मी सरळ लाकडी करून घेते.

जिरेटोप मात्र पेटीत टाकत नाही. एकदा दबला की त्याचा उभार परत येत नाही, म्हणून तो डब्यात घालून मांडीवर. परवा परतताना तपासणीत डबा उघडायला लावला. जवानानं टोप दोन्ही हातांनी बाहेर काढला, स्फोटकांच्या चाचणीची पट्टी काठावरून फिरवली, ती यंत्रात घातली. यंत्र काही बोललं नाही. मग त्यानं विचारलं, "आगे की तरफ़ कौन सी है?" मी शिरपेच दाखवला. त्यानं शिरपेच वर येईल असा टोप डब्यात ठेवला आणि मी भरलेले वर्तमानपत्राचे बोळे एकेक करून कडेनं परत खोचले.