तुम्ही विचारलेत म्हणून : शेवटच्या पानावरचा बारीक मजकूर

मी एका वैद्यकीय नियतकालिकासाठी छपाईपूर्वी लेख तपासते हे कळले, की बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या शेजाऱ्यांपासून लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांपर्यंत कुणीतरी एक प्रश्न हमखास विचारते : लेखाच्या शेवटी ‘या संशोधनाला अमुक औषध कंपनीने अर्थसाहाय्य दिले’ असे छापले असेल, तर तो लेख विकाऊ समजायचा का? उत्तर दर वेळी लांबते, म्हणून ते एकदा लिहूनच काढते.

त्याआधी माझे स्वतःचे हितसंबंध सांगितले पाहिजेत. बडोद्यात १९०७ साली अलेम्बिक ही औषध कंपनी सुरू झाली, आणि तेव्हापासून औषधनिर्मितीशी या ना त्या नात्याने जोडलेली मराठी घरे इथे पुष्कळ आहेत. माझे वडील दुसऱ्या एका, आता बंद पडलेल्या कंपनीचे एमआर, म्हणजे डॉक्टरांकडे जाऊन औषधांची माहिती देणारे प्रतिनिधी, होते आणि माझे शिक्षण त्याच पगारावर झाले. रविवारी दुपारी ते बॅग भरायला बसत, तेव्हा सॅम्पलच्या पट्ट्या आणि पॅड यांच्याबरोबर गुळगुळीत कागदावर छापलेले रीप्रिंट, म्हणजे एखाद्या नियतकालिकातल्या लेखाच्या सुट्या प्रती, मी त्यांना मोजून देत असे. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात काय लिहिले आहे, असे एकदा विचारल्यावर ते म्हणाले, “डॉक्टरसाहेब तिथपर्यंत जात नाहीत, तू कशाला जातेस?”

त्या शेवटच्या पानाचा इतिहास फार जुना नाही. मोठ्या नियतकालिकांपैकी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने लेखकांना आर्थिक हितसंबंध जाहीर करायला लावले ते १९८४ मध्ये. त्याच नियतकालिकात १९६७ साली हृदयविकार आणि आहार यांविषयी एक आढावा प्रसिद्ध झाला होता, ज्यात साखरेकडे फारसे बोट न दाखवता दोष मुख्यतः स्निग्ध पदार्थांवर ठेवला होता. त्यासाठी अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या संस्थेने ६,५०० डॉलर दिले होते, हे जगाला कळले २०१६ मध्ये, जुनी पत्रे उजेडात आल्यावर. मला त्यात पैशांपेक्षा अधिक खटकते ते हे, की आढाव्याचा उद्देश त्या संस्थेने ठरवला होता आणि मसुदेही तिच्याकडे जात होते.

म्हणून ‘पैसे कुणी दिले’ या ओळीवर थांबू नका. पुढची ओळ वाचा : पैसे देणाऱ्याने काय काय केले? अभ्यासाची आखणी कुणी केली, आकडेवारी कुणाच्या ताब्यात होती, मसुदा कुणी लिहिला आणि छापायचे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कुणाकडे होता? वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे नियम हे सांगायला लावतात. ‘आर्थिक साहाय्याबद्दल आभारी आहोत’ एवढेच लिहिले असेल, तर तो शिष्टाचार झाला, माहिती नव्हे.

आणि सगळे जाहीर असूनही फसगत होते. व्हायॉक्स या वेदनाशामकाची ८,०७६ रुग्णांवरील चाचणी २००० साली त्याच ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा मर्क कंपनीचे साहाय्य लेखात स्पष्ट छापलेले होते. मात्र व्हायॉक्स घेणाऱ्यांतले हृदयविकाराचे तीन झटके आकडेवारीत नव्हते. ते ठरलेल्या मुदतीनंतरचे होते, असे कंपनीचे म्हणणे होते; तरी लेखकांपैकी दोघांना ते आधीच माहीत असल्याचे सांगून नियतकालिकाने डिसेंबर २००५ मध्ये जाहीर चिंता व्यक्त केली. औषध त्याच्या वर्षभर आधी बाजारातून मागे घेतले गेले होते. दरम्यान कंपनीने त्या लेखाचे नऊ लाखांहून अधिक रीप्रिंट विकत घेतले होते. हा आकडा प्रथम वाचला, तेव्हा मला वडिलांची बॅग आठवली. रीप्रिंटची ही कमाई नियतकालिकाच्या तिजोरीत जाते, आणि ती कुठल्याही लेखाच्या शेवटी छापलेली नसते. लेखकांचे हितसंबंध विचारणाऱ्या आम्ही मंडळींनी आपले हिशेब इतक्या तत्परतेने कधी मांडलेले नाहीत.

तर मग कंपनीच्या पैशाचे संशोधन टाकून द्यावे का? तसे केले तर नव्या औषधांच्या बहुतेक मोठ्या चाचण्याच वाचायला उरणार नाहीत. वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१७ मधील आढाव्यानुसार कंपन्यांनी खर्च केलेल्या अभ्यासांचे निष्कर्ष त्यांच्या उत्पादनाला अनुकूल येण्याचे प्रमाण इतर अभ्यासांपेक्षा अधिक असते, तेव्हा सावधपणे वाचावे, एवढेच. भारतातल्या चाचणीचा सीटीआरआय, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, क्रमांक लेखात असतो. ती नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. त्या क्रमांकावरून प्रायोजक कोण आणि आधी काय मोजायचे ठरले होते, हे घरबसल्या पाहता येते. ठरले एक आणि छापले दुसरेच असेल, तर शंका घ्यायला तेवढे कारण पुरेसे आहे.

आपल्याकडची अडचण निराळी आहे. अमेरिकेत कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेली रक्कम २०१४ पासून सरकारी संकेतस्थळावर दिसते. इथे माझ्या हाती केवळ लेखकाने भरलेला फॉर्म असतो. शिवाय भेटवस्तू आणि प्रवासखर्च घेण्यास वैद्यक परिषदेच्या नियमांनी २००९ पासून मनाई असल्यामुळे, जे घ्यायचेच नाही ते घेतल्याचे लिहून कोण देणार?

एकदा सहा लेखकांचे सहा फॉर्म आले, सहाही एकाच शाईने आणि एकाच हस्ताक्षरात भरलेले, आणि प्रत्येकावर ‘काही नाही’. मी प्रमुख लेखकांना फोन केला. “ताई, तुम्ही आमच्यावर संशय घेता का?” असे म्हणून ते आधी रागावले. मग बोलता बोलता निघाले, की त्याच कंपनीसाठी त्यांनी वर्षभरात तीन व्याख्याने दिली होती आणि मानधन घेतले होते. परंतु ती दुसऱ्या औषधाबद्दल होती, म्हणून सांगायची गरज नाही असा त्यांचा प्रामाणिक समज होता. गेल्या ३६ महिन्यांतले संबंध सांगायचे असतात आणि संबंध औषधाशी नव्हे, कंपनीशी मोजतात, हे त्यांना कुणी सांगितलेच नव्हते. एक ओळ वाढवून लेख छापला.

पुढच्या लेखासोबत त्यांचा फॉर्म आला, तो त्यांच्याच हस्ताक्षरात. मानधनाखाली आणखी एक नोंद होती : दवाखान्यातील भिंतीवरचे घड्याळ, भेट, नियम येण्यापूर्वीचे.