ईगलनेस्टच्या ढगात सोळा दिवस: पक्ष्यांना रिंग घालणाऱ्यांच्या हाताखाली

अरुणाचलात घड्याळ आपलंच, पण सूर्य वेगळ्या वेळेचा. एप्रिलमध्ये साडेचारला फटफटतं आणि संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ईगलनेस्ट अभयारण्यातल्या बोम्पूच्या कॅम्पवर आम्ही पहाटे साडेतीनला उठायचो. स्वयंपाकघराच्या चुलीपाशी उभ्याउभ्याच काळा चहा प्यायचा, खिशात दोन उकडलेली अंडी टाकायची आणि हेडलॅम्प लावून चारला पायवाटेला लागायचं. पहिला पक्षी बोलायला लागेपर्यंत सगळी जाळी उघडून झालेली असायची. साडेबारापर्यंत काम, मग जेवण, मग भिजलेल्या कपड्यांशी झुंज. पक्षी जाळ्यात धरून, मापं घेऊन, पायात नंबराची रिंग घालून सोडून देणाऱ्या अभ्यासकांची मदतनीस म्हणून माझं हे सोळा दिवस चाललं. परत आल्यापासून निदान दहा जणांनी ‘आम्हालाही जायचंय, कसं जमवायचं?’ असं विचारलंय. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ईगलनेस्ट अभयारण्य वेस्ट कामेंग जिल्ह्यात आहे. क्षेत्रफळ २१७ चौरस किलोमीटर. उंची मात्र ५०० मीटरपासून ३२५० मीटरपर्यंत चढत जाते, आणि या सगळ्या उंचीतून लष्कराने पूर्वी काढलेला एकच कच्चा रस्ता जातो. नाव गरुडाच्या घरट्यावरून पडलेलं नाही. १९५०च्या दशकात या भागात लष्कराची ‘रेड ईगल डिव्हिजन’ होती, तिच्यावरून ते आलं. आसामच्या मैदानावरून येणारी दमट हवा हिमालयाच्या या पहिल्या रांगेला धडकते, वर चढते आणि गार होऊन तिचा ढग होतो. तो ढग डोक्यावर थांबत नाही, झाडांमधून चालत जातो. फांद्यांवर हातभर जाड शेवाळ, त्या शेवाळात नेचे, त्या नेच्यांवर पुन्हा ऑर्किड. पाऊस नसतानाही पानांतून थेंब गळत राहतात.

पुणेकरांना या जंगलाबद्दल जिव्हाळा वाटायला एक खास कारण आहे. पुण्यात काम करणारे खगोलशास्त्रज्ञ रमण अत्रेय यांना १९९५मध्ये इथे एक अनोळखी पक्षी दिसला. २००६मध्ये तो विज्ञानाला नवा असल्याचं त्यांनी जाहीर केलं: बुगुन लिओसिकला. तोही अशाच जाळ्यात आला होता. नवी जात ठरवताना नमुना म्हणून पक्षी मारून ठेवायची जुनी पद्धत. पण इतके थोडे पक्षी असताना एकही मारायचा नाही असं त्यांनी ठरवलं. मापं, फोटो, आवाज आणि जाळ्यात राहिलेली पिसं एवढ्यावर वर्णन केलं आणि पक्षी सोडून दिला. नावातले बुगुन म्हणजे इथले आदिवासी. सिंगचुंग गावच्या बुगुन मंडळींनी २०१७मध्ये अभयारण्याला लागून असलेलं आपलं १७ चौरस किलोमीटर जंगल सामुदायिक राखीव म्हणून जाहीर करवून घेतलं. आमच्या तुकडीत जाळ्यातून पक्षी सर्वांत हळुवार आणि सर्वांत झटपट काढणारा तरुण सिंगचुंगचाच होता.

आता कामाकडे वळते. मिस्ट नेट म्हणजे केसासारख्या बारीक काळ्या धाग्याचं जाळं. साधारण बारा मीटर लांब, दोन बांबूंमध्ये ताणलेलं. त्यात आडव्या चार पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीखाली जाळं थोडं सैल सोडलेलं असतं. झुडपांतून उडणाऱ्या पक्ष्याला ते दिसत नाही. तो धडकतो आणि खालच्या झोळीत अलगद पडतो. तिथून पुढे सगळा खेळ वेळेचा. दर वीस मिनिटांनी प्रत्येक जाळ्यापाशी कुणीतरी पोचलंच पाहिजे. ही फेरी मारणं, हे मदतनीसाचं खरं काम. चढ-उतार, निसरडी मुळं, मांडीएवढे नेचे, आणि फेरी संपवून टेकावं तोवर ‘दीदी, टाइम हो गया’ अशी हाक. दिवसाला वीस-पंचवीस फेऱ्या होतात. गुडघे त्रास देत असतील तर आधी वर्षभर सिंहगड चढा-उतरा, मग अर्ज करा.

पक्षी हातात धरायला मिळेल या आशेने जाणार असाल तर आत्ताच सांगते: बहुधा मिळणार नाही, आणि ते योग्यच आहे. वन्य पक्षी पकडायला वन विभागाची लेखी परवानगी लागते, आणि जाळ्यातून सोडवण्याचं काम शिकलेल्या हातांनीच करायचं असतं. पक्षी कोणत्या बाजूने आत शिरला हे आधी ओळखायचं, मग पाय, मग पंख, शेवटी डोकं. ओढाताण केली तर पंखाचा सांधा कायमचा जातो. मी सोळा दिवसांत स्वतः फक्त सात पक्षी धरले, तेही रिंग घालून झाल्यावर सोडण्यापुरते. बाकी वेळ मी फेऱ्या मारल्या, जाळ्यांत अडकलेली पानं, काटक्या नि भुंगेरे वेचून काढले, सुती पिशव्या वाहिल्या आणि वही लिहिली.

वही लिहिणं कुणी हलक्यात घेऊ नये. रिंगवरचा नंबर एकेक अंक सुटा वाचला जातो, लिहिणाऱ्याने तो मोठ्याने परत म्हणायचा, मगच पुढचं माप. ‘सिक्स-नाइन’ म्हणायचं, ‘सिक्स्टी-नाइन’ नाही. शाईचं पेन या हवेत पहिल्याच दिवशी पसरतं, म्हणून पेन्सिल. पंखाची लांबी, पायाच्या नळीची लांबी, वजन, पिसं बदलतायत का, पोटावरची पिसं झडून कातडी उघडी पडली आहे का. ही उघडी कातडी म्हणजे पक्षी अंडी उबवतोय. तेव्हा तर त्याला पिशवीत एक मिनिटही जास्त ठेवायचं नाही, रांग मोडून त्याचा नंबर आधी.

पहिल्याच आठवड्यात चेस्टनट-क्राउन्ड वॉर्बलर आला. डोक्यावर तांबूस टोपी, पोट पिवळंधमक, वजन जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे चमचाभर साखर. त्याला धरायची रीत अशी: मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे, पाठ तळहाताला, बाकी बोटं नुसती भोवती, दाब अजिबात नाही. मी तो सोडायला हातात घेतला तेव्हा त्याचं हृदय बोटांना वेगळे ठोके म्हणून कळतच नव्हतं, एक सलग थरथर होती. मूठ उघडली. तो अर्धा क्षण तळहातावर बसून राहिला आणि मग नुसता नाहीसा झाला. माझ्या खिशातलं घड्याळ त्याच्यापेक्षा कितीतरी जड होतं.

चौथ्या दिवशी एक प्रसंग घडला, तो मुद्दाम लिहिते. नऊच्या सुमारास ढग एकदम खाली उतरला आणि दहा मिनिटांत जाळी मोत्यांच्या माळांसारखी थेंबांनी लगडली. जाळी बंद करायचा निरोप आला. माझ्या ओळीतल्या शेवटच्या जाळ्यात एक यलो-थ्रोटेड फुलवेटा होता. पिसं भिजून अंगाला चिकटलेली, डोळे अर्धे मिटलेले. दहा ग्रॅमच्या आत-बाहेरचा जीव ओला झाला की किती झपाट्याने गार पडतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. तुकडीच्या प्रमुख मुलीने त्याला कोरड्या पिशवीत घालून सरळ स्वतःच्या जाकिटाच्या आत, छातीशी धरलं आणि ती एका झाडाला टेकून बसून राहिली. कुणी बोललं नाही. वीसेक मिनिटांनी पिशवी हलायला लागली. तिने पिशवी उघडली, पक्षी नीट उभा राहतोय एवढं पाहिलं आणि सोडून दिला. रिंग नाही, माप नाही. वहीत मी फक्त जात, वेळ आणि ‘न मोजता सोडला’ एवढंच लिहिलं. ज्या तुकडीत असं लिहायची मुभा नसेल, त्या तुकडीबरोबर जाऊ नका.

एवढा खटाटोप कशासाठी, हे मला नवव्या दिवशी उमगलं. आणखी एक यलो-थ्रोटेड फुलवेटा आला, पण याच्या पायात आधीच रिंग होती. ॲल्युमिनियम घासून गुळगुळीत झालेलं, आकडे पुसट. भिंग लावून, रिंग उजेडाकडे तिरपी करून तिघांनी आळीपाळीने नंबर वाचला, तिघांचा जुळला तेव्हा मी लिहिला. संध्याकाळी जुन्या नोंदी काढल्या. पाच वर्षांपूर्वी, एप्रिलमध्येच, याच ओळीत, तीन जाळी पलीकडे तो पहिल्यांदा धरला होता आणि तेव्हाच पूर्ण वाढलेला होता. म्हणजे वय निदान सहा वर्षं. इतके पावसाळे, इतक्या गारा, मुंगसं, साप, शिक्रे, या सगळ्यांतून तो वाचला होता आणि अजून त्याच झुडपांत खात होता. मी त्या रात्री बराच वेळ जागी होते.

पुन्हा सापडणारे हे पक्षी म्हणजे या अभ्यासाचा कणा. नुसते पक्षी मोजले तर आज किती आहेत एवढंच कळतं. या वर्षीचे किती पुढच्या वर्षी जगले, हे कळायला प्रत्येकाची ओळख पटावी लागते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतले उमेश श्रीनिवासन २०११पासून या डोंगरावर असं रिंगिंग करत आले आहेत, आणि त्यातून दिसलेलं चित्र काळजीचं आहे. हवामान तापतंय तसं अनेक जातींचं जगण्याचं प्रमाण त्यांच्या उंचीपट्ट्याच्या खालच्या टोकाला घटतंय, वरच्या टोकाला ते टिकतंय. जिथे पूर्वी लाकूडतोड झाली तिथलं जंगल जास्त उष्ण आणि कोरडं असतं, त्यामुळे तिथे हा फटका आणखी बसतो. दोन्ही तऱ्हेच्या जंगलांत मी फेऱ्या मारल्या आहेत. तोड झालेल्या पट्ट्यात अकरा वाजता टोपी घालावीशी वाटते, अखंड जंगलात त्याच वेळी हात खिशात जातात. पाच ग्रॅमच्या जिवाला हा फरक किती मोठा असेल! आणि डोंगर वर संपतो, त्याच्या पुढे सरकायला जागा नाही.

जायचं कसं? अशा कामाला तिकीट नसतं. पक्ष्यांवर काम करणाऱ्या संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांना हंगामाच्या चार-पाच महिने आधी साधं, नेमकं पत्र लिहा. किती आठवडे देऊ शकता, चढाची सवय आहे का, प्रथमोपचार येतात का, कोणत्या जंगलात राहिला आहात. दोन आठवड्यांपेक्षा कमी वेळ असेल तर विचारू नका. पहिले चार दिवस तुम्हाला शिकवण्यातच त्यांचे जातात. त्याआधी जवळ कुठे रिंगिंग चालू असेल तर बघायला जाऊन या. आपल्याकडे बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) या कामाची सुरुवात १९२७मध्ये केली, परंपरा जुनी आहे.

अरुणाचलसाठी इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन मिळतं. निघण्यापूर्वीच काढा आणि दोन छापील प्रती ठेवा, कारण तपासणी नाक्यावर फोनला नेटवर्क असेलच असं नाही. पुण्या-मुंबईहून विमानाने गुवाहाटी, तिथून गाडीने भालुकपाँगमार्गे किंवा कलाक्तांग-शेरगाव-रुपामार्गे टेंगा. पूर्ण दिवस धरा. टेंग्याहून वर लामा कॅम्प २३५० मीटरवर, मग खिंड ओलांडून खाली बोम्पू, १९४० मीटर. रोख पैसे, औषधं आणि सेलचे जोड गुवाहाटीतच घ्या. बोम्पूला फोन लागत नाही, घरी तसं आधीच सांगून ठेवा.

कपडे मळखाऊ रंगाचे आणि शक्यतो बिनबटणांचे. बटणं, घड्याळ, अंगठी, बांगड्या, सगळं जाळ्यात अडकतं. मीही दुसऱ्या दिवसापासून घड्याळ खिशात ठेवलं. उबदार कपडे लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, सुती कपडा एकदा भिजला की पाच दिवस वाळत नाही. गमबूट सर्वांत उत्तम. जळवांसाठी गुडघ्यापर्यंतचे घट्ट विणीचे मोजे. पाऊस पडून गेला की जळवा पानांच्या टोकांवर उभ्या राहून वाट बघतात. त्यांच्यापेक्षा त्रास डॅमडिम नावाच्या बारीक काळ्या माशीचा. ती चावते तेव्हा कळत नाही, नंतर रक्ताचा ठिपका राहतो आणि आठवडाभर खाज. पूर्ण बाह्या हाच उपाय. मच्छरांचं मलम, सनस्क्रीन, हातांचं क्रीम यातलं काहीही तळहाताला लावून पक्ष्यांच्या पिशव्यांना हात लावायचा नाही. ते पिसांना लागतं.

हत्तींचं मात्र कुणी हसण्यावारी नेऊ नका. इतक्या उंचीवर हत्ती कसले, असं मलाही वाटलं होतं. सहाव्या दिवशी पहाटे आमच्याच वाटेवर गरम वाफा येणारी लीद होती. आम्ही त्या ओळीची जाळी त्या दिवशी उघडलीच नाहीत. अंधारात तंबूबाहेर एकट्याने जायचं नाही, संडासलाही नाही. जे स्थानिक सांगतील ते पहिल्या हाकेला ऐकायचं.

परतीच्या विमानाआधी एक दिवस रिकामा ठेवा. दरड कोसळून रस्ता बंद पडल्यामुळे आम्ही टेंग्यात दीड दिवस अडकलो. तो वेळ कामी आला: साठ-सत्तर सुती पिशव्या उलट्या करून धुवायच्या होत्या, कारण पुढच्या तुकडीला त्या स्वच्छ लागतात. आदल्या पक्ष्याच्या विष्ठेतून दुसऱ्याला आजार लागू शकतो. लॉजच्या गच्चीवर दोरी बांधून आम्ही त्या वाळत घातल्या. एका पिशवीच्या शिवणीत नखाएवढं पिवळं पीस अडकलेलं होतं. ते कुणाचं, हे वहीवरून आता सांगता येत नव्हतं. मी पिशवी गच्चीबाहेर झटकली आणि पुढची उलटी केली.